कारखान्याला वकील आहे, सभासदाला कोण?



गळीत हंगाम संपला, पट्टा पडला, की गावागावांत दोनच विषय निघतात. एक म्हणजे शेवटचं बिल कधी, आणि दुसरा म्हणजे खोडव्याला पाणी कसं पुरवायचं. यंदा मात्र पारावर तिसराच विषय ऐकू येतोय. "तुला आली का रे नोटीस?" म्हणून एकमेकांना विचारणं चाललंय. नोटीस म्हणजे इन्कम टॅक्सची. शेतकऱ्याला इन्कम टॅक्स नाही हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, मग ही नोटीस आली कशी? आणि आली तर जायचं कुणाकडे? या दुसऱ्या प्रश्नावर चार शब्द लिहावेत म्हणून हा प्रपंच. मी काही वकील नाही. ऊस लावणारा आणि एक ट्रॅक्टर पाळणारा साधा सभासद आहे. पण ठेच खाल्लेली आहे, तेव्हा मागच्याने शहाणं व्हावं एवढीच इच्छा.

आधी आपल्या कारखान्यांचीच गोष्ट घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १९७४ साली ५-अ हे कलम घातलं गेलं आणि किमान दराच्या वर जादा ऊस दर देण्याची वाट झाली. सहकारी कारखान्यांनी तो दर तुम्हा-आम्हाला दिला. आयकर खात्याचं म्हणणं पडलं की किमान दराच्या वर दिलेली रक्कम हा खर्च नव्हे, ही नफ्याची वाटणी, सबब तिच्यावर कर भरा. वर्षानुवर्षे मागण्या निघाल्या, अपिलं झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ५ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की जादा दरातला नफ्याचा भाग किती आणि उसाची किंमत किती, हे तपासून ठरवावं. त्याआधी २०१५ च्या वित्त कायद्याने आकारणी वर्ष २०१६-१७ पासून सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून धरण्याची सोय झाली होती. राहिला होता तो मागचा थकलेला भाग. २०२३ च्या अर्थसंकल्पात मागच्या वर्षांनाही तीच सवलत लागू झाली आणि देशभरच्या साखर संस्थांना सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असं अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं.

हे का सांगतोय? ही लढाई कारखान्यांनी तडीस नेली कारण त्यांच्याकडे लढणारी माणसं होती. सी.ए. होते, वकील होते, संघ होता, कागद जपून ठेवणारं हिशोब खातं होतं. हेच खातं उद्या पाच एकरवाल्या सभासदाच्या दारात उभं राहिलं तर त्याच्याकडे कोण आहे? एक कापडी पिशवी, तिच्यात सातबारा, पासबुक आणि ऊस बिलाच्या चुरगळलेल्या पावत्या. आणि "काय व्हायचं ते होईल" ही वृत्ती. तीच सगळ्यात घातक.

आता माझी हकीकत सांगतो. २०१७-१८ च्या हंगामाला मी तोडणी-वाहतुकीचा करार केला होता. कराराची उचल माझ्या खात्यावर जमा झाली. मुकादमाला द्यायचे म्हणून मी जवळपास बारा लाख रुपये टप्प्याटप्प्याने रोख काढले. ज्यांनी टोळी ठरवलीय त्यांना हे सांगायला नको, मुकादम चेक घेत नाही. पण ती टोळी दुसरीकडे वळली, सौदा फिसकटला. रोकड घरात ठेवायची भीती, म्हणून अकरा लाख रुपये तालुक्याच्या ठिकाणी दुसऱ्या बँकेत माझ्या बचत खात्यात भरले. पैसा तोच, एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलेला. पण वर्षभरात बचत खात्यात दहा लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते, हा नियम मला ठाऊक नव्हता. त्या वर्षाचं विवरणपत्र मी भरलेलं नव्हतं. शेतकऱ्याला काय करायचंय विवरणपत्र, हा समज.

पुढे ट्रॅक्टरच्या कर्जासाठी एका फॉर्म भरणाऱ्या एजंटाकडून विवरणपत्र भरून घेतलं. त्याने पॅन नंबर माझा घातला, पण ई-मेल आणि मोबाईल स्वतःचा टाकला. मी अंगठेबहाद्दर नाही, सही केली, पण वाचलं नाही. मार्च २०२२ मध्ये खात्याने खुलासा मागितला तो त्या एजंटाच्या ई-मेलवर. त्याने पाहिला नाही, की पाहून सोडून दिला, देव जाणे. मला पत्ताच नाही. मार्च २०२३ मध्ये एकतर्फी हुकूम झाला. अकरा लाखांचा खुलासा नाही, म्हणून ते अघोषित उत्पन्न. अशा रकमेवर त्या वर्षांच्या कायद्याप्रमाणे ६० टक्के कर, त्या करावर २५ टक्के अधिभार आणि वर ३ टक्के उपकर. हिशोब करा, अकरा लाखांवर आठ लाख एकोणपन्नास हजार सातशे पन्नास. व्याज वेगळं, दंडाची टांगती तलवार वेगळी. मला कळलं ते ऊस बिल काढायला बँकेत गेलो आणि साहेब म्हणाले, "काका, खात्याला बंदी आहे," तेव्हा. घरी येऊन दोन दिवस मी कारभारणीलाही सांगितलं नाही.

मग सुरू झाली धावपळ. पहिल्यांदा शहरातल्या एकाकडे गेलो. मोठी काचेची केबिन, गार हवा. त्याने कागद बघितलेच नाहीत. म्हणाला, "वरपर्यंत ओळख आहे, मिटवून देतो, जेवढं वाचेल त्याच्या पंचवीस टक्के द्या, निम्मे आगाऊ." माझा हात खिशाकडे गेला होता, खोटं कशाला बोलू. पण चुलतभाऊ बरोबर होता. तो म्हणाला, "दादा, ज्यानं कागद बघितला नाही, तो लढणार कशावर?" आम्ही उठलो.

शेवटी आपल्याच तालुक्याच्या गावी एक करसल्लागार वकील भेटले. कोर्टाच्या मागच्या बोळात लहानसं ऑफिस. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टोळी कुठली होती? करारनामा आहे का?" तिथंच मला निम्मा धीर आला. त्यांनी कारखान्याच्या शेतकी खात्याकडून उचलीचा आणि वसुलीचा उतारा मागवला, दोन्ही बँकांचे उतारे समोरासमोर ठेवले, कोणत्या तारखेला काढले आणि कोणत्या तारखेला भरले याचा तक्ता केला. अपिलाची तीस दिवसांची मुदत उलटून गेली होती. ई-मेल दुसऱ्याचा असल्यामुळे हुकूम कळलाच नाही, असं प्रतिज्ञापत्र जोडून उशीर माफ करण्याचा अर्ज केला. मागणीच्या वीस टक्के भरून वसुलीला स्थगिती मिळाली. त्यासाठी दोन दुभत्या म्हशी विकाव्या लागल्या, ते दुःख अजून आहे. पुढे दोन वर्षांनी निकाल लागला. दहा लाखांचा खुलासा मान्य झाला, एका लाखाचा पुरावा आमच्याकडे नव्हता, तो अंगावर बसला. फी त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिली होती आणि शेवटपर्यंत एक रुपया वाढवला नाही.

या अनुभवावरून माझं ठाम मत झालंय ते असं. कचेरी जेवढी लांब गेली, तेवढा वकील जवळचा पाहिजे.

पूर्वी नोटीस आली की जिल्ह्याच्या आयकर कचेरीत जाऊन साहेबासमोर उभं राहता येत होतं. साहेबही आसपासच्या भागात राहिलेला, त्याला ऊस म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं. आता आकारणी आणि पहिलं अपील बहुतांशी चेहराविरहित पद्धतीने चालतं. अपिलाची ही पद्धत २५ सप्टेंबर २०२० पासून आली. कागद संगणकावर जातात आणि देशाच्या कुठल्या कोपऱ्यातला अधिकारी ते तपासतो हे आपल्याला कळत नाही. यात चांगलं आहे, ओळख-वशिला चालत नाही. म्हणूनच "वरपर्यंत ओळख आहे" म्हणणारा माणूस सरळ फसवतो आहे असं समजावं. पण अडचणही आहे. त्या लांबच्या अधिकाऱ्याला उचल म्हणजे काय, मुकादम कोण, आडसाली उसाचं बिल दोन हिशोबी वर्षांत का पडतं, एका सातबाऱ्यावर चार भावांची नावं असून ऊस एकाच्याच नावावर का जातो, हे काही ठाऊक नसतं. ते त्याला कागदावर समजावून सांगायला हवं. आणि हे लिहिता येईल ते त्यालाच, ज्याने आपलं शिवार पाहिलंय. मोठ्या शहरातला नामांकित माणूस कायद्यात हुशार असेल, पण त्याला टोळी समजावून देण्यातच आपली अर्धी फी जाते.

याचा अर्थ जवळचा म्हणजे कुणीही नव्हे. निवड करताना काही गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, माणूस कोण आहे ते विचारा. फॉर्म भरून देणारा वेगळा, सी.ए. वेगळा, वकील वेगळा. साधी माहिती मागवणारी नोटीस असेल तर चांगला सी.ए. किंवा जाणकार करसल्लागार पुरतो. आयुक्त अपील आणि पुण्याचं आयकर अपील न्यायाधिकरण इथपर्यंत सी.ए. आणि वकील दोघेही चालतात. उच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो. सी.ए.ला सभासद क्रमांक असतो, वकिलाला बार कौन्सिलची सनद असते. विचारायला लाजू नये. सोयरीक जमवताना आपण सात घरं चौकशी करतो, इथं तर वावर पणाला लागलेलं असतं.

दुसरी गोष्ट, फी. निकालावर अवलंबून फी ठरवू नये असा वकिलांना बार कौन्सिलचाच नियम आहे. सी.ए.लाही साधारणपणे टक्केवारीवर काम घेता येत नाही. वकिलाला जाहिरात करून पक्षकार गोळा करायलाही बंदी आहे. तेव्हा "कर माफ करून देतो, वाचेल त्यात वाटा द्या" असं कुणी म्हणाला तर तो एक तर वकील नाही, किंवा वकिलीचा नियम पाळणारा नाही. फी ठरावीक असावी, टप्प्याची असावी, लिहून घ्यावी आणि पावती घ्यावी.

तिसरी गोष्ट, विवरणपत्रावर ई-मेल आणि मोबाईल आपला किंवा पोराबाळाचा घालावा. पासवर्ड आपल्या वहीत असावा. मूळ कागद कुणाला देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. या एका गोष्टीने माझ्या दोन म्हशी वाचल्या असत्या.

चौथी गोष्ट, नोटीस खरी का खोटी हे आधी बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर संगणकाचा दस्तऐवज क्रमांक असावा असा नियम आहे. तो क्रमांक आयकराच्या संकेतस्थळावर घालून पत्र खरं आहे का ते पाहता येतं. खोट्या नोटिशा पाठवून पैसे उकळणारेही फिरतात. पण खरी निघाली तर एक दिवसही दवडू नये. खुलाशाला कधी कधी आठवड्याचीच मुदत असते.

पाचवी गोष्ट, आणि ही आपल्यालाच कडू लागेल. चांगला सल्लागार तोच, जो प्रसंगी "नाही" म्हणतो. उसाचं उत्पन्न शेतीचं, त्याला आयकर नाही, हे खरं. पण ठेवींवरचं व्याज शेतीचं नाही. शेअर्सवरचा लाभांश शेतीचा नाही. दुधाचा धंदा, ट्रॅक्टरचं भाडं, वाहतुकीचं बिल हेही शेतीचं नाही. गुऱ्हाळ घातलं तर गुळाच्या सगळ्याच पैशाला शेतीची माफी मिळेल असं धरून चालू नये. बिगरशेती उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेलं तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही मोजणीत येतं. काही मंडळी दुसऱ्या धंद्याचा पैसा उसाच्या नावावर दाखवतात. सात एकरांत सत्तर एकरांचं उत्पन्न दाखवलं तर कारखान्याच्या वजनकाट्याची नोंद ते उघडं पाडते. असल्या खोट्याला मदत करणारा सल्लागार आज गोड वाटतो, उद्या तोच बुडवतो. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्यांवर देशभर १५० ठिकाणी तपासणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. चूक झाली असेल तर चार वर्षांपर्यंत जादा कर भरून सुधारित विवरणपत्र देता येतं. सरळ माणूस हा रस्ता आधी दाखवतो.

जमिनीच्या बाबतीतही असंच आहे. रस्त्याला किंवा धरणाला २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीन गेली तर मोबदल्याला त्या कायद्याच्या ९६ व्या कलमाने आयकर माफ आहे. पण वाढीव मोबदल्यावरचं व्याज हा वेगळा वादाचा विषय आहे. जमीन विकली तर ती गावठी धरायची की शहरालगतची, हे नगरपालिकेच्या हद्दीपासूनचं सरळ रेषेतलं अंतर आणि लोकसंख्या यावर ठरतं. अंतर दोन, सहा की आठ किलोमीटर, ते लोकसंख्येप्रमाणे. खरेदीखतावर सही करण्याआधी सल्ला घेतला तर शे-पाचशे रुपयांत भागतं, नंतर गेलं तर लाखांत. आणि आता १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला आहे. कलमांचे आकडे बदलले, जुन्या वर्षांच्या नोटिशा मात्र जुन्याच कायद्याने चालणार. पाहुण्या-रावळ्यांच्या ऐकीव सल्ल्यावर विसंबायचे दिवस गेले.

आता कारखान्याकडे वळतो. काही संचालक म्हणतील, सभासदाच्या खासगी भानगडीत कारखान्याने का पडावं? मी म्हणतो, फी कारखान्याने भरावी असं कोण मागतंय? आपण सभासदाला बेणं देतो, खत देतो, माती तपासून देतो. पीक त्याचंच असतं, तरी देतो, कारण सभासद उभा राहिला तर कारखाना उभा राहतो. ज्याचं खातं गोठलं तो पुढच्या वर्षी लागण कशाच्या जोरावर करणार? शिवाय निम्म्या प्रकरणांचा पुरावा कारखान्याच्याच दप्तरात पडलेला असतो.

माझ्या तीन सूचना आहेत. एक, सभासदाने किंवा वाहतूकदाराने अर्ज केला की आठ दिवसांत वर्षवार दाखला मिळावा. त्यात उसाचं वजन, बिल, कपाती, कापलेला कर, दिलेली उचल आणि तिची वसुली हे सगळं असावं. दाखला मराठीत असावा आणि त्याची इंग्रजी प्रतही असावी, कारण वाचणारा मराठी असेलच असं नाही. दोन, परिसरातल्या सनदधारक वकिलांची आणि सी.ए.ची यादी ठरावीक फीसह प्रत्येक गटऑफिसात लावावी. यादीत नाव घालताना काम बघावं, संचालकाचा पाहुणा आहे म्हणून कुणी येऊ नये. तीन, हंगाम संपल्यावर महिन्यातून एक दिवस गटऑफिसात सल्ल्यासाठी ठेवावा. नोटीस घेऊन या, कागद दाखवा, पुढं काय करायचं ते ऐकून जा. महिला सभासद आणि अनुसूचित जाती-जमातींतले सभासद यांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याने उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीची ती माहितीही त्याच दिवशी द्यावी.

याला खर्च किती? एक टेबल, चार खुर्च्या आणि दोन कारकुनांचे काही तास. काट्यावर चहाला यापेक्षा जास्त जातात.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडणार आहे. दुसरा हात वर करणारा पाहिजे. ज्यांना नोटीस आली आहे त्यांनी लपवू नये. कर्ज लपवतो तशी आपण नोटीस लपवतो, आणि मुदत निघून जाते. नोटीस आली म्हणजे चोरी झाली असं नव्हे, खात्याने एक प्रश्न विचारलाय एवढंच. वेळेवर आणि खरं उत्तर दिलं तर बहुतेक प्रश्न तिथंच मिटतात.

वाड्यातला साप कळला तर बाहेर काढता येतो, कळलाच नाही तर डसतो. मला उशिरा कळला. तुम्हाला वेळेवर कळावा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद